लग्नाआधीची वर्षं

वयात येणं हे शरीराचं काम. पण त्यानंतर लग्नापर्यंत किती वर्षं काढायची आणि ती कुणाच्या नजरेखाली काढायची, हे समाज ठरवतो. लग्नाआधीच्या या वर्षांच्या अभ्यासात शिरण्याची वाट मला इथूनच सोपी वाटते. जमनालाल बजाज यांच्या पत्नी जानकीदेवी लहानपणीच लग्न होऊन वर्ध्याच्या घरात आल्या. अशा मुलींच्या वाट्याला ही मधली वर्षं आलीच नव्हती. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलींसाठी लग्नाचं किमान वय 14 ठरवलं, 1978 मध्ये ते 18 झालं. शाळा, कॉलेज आणि एसटीच्या पासनं ही वर्षं आणखी लांबवली.

मग या वर्षांचं करायचं काय? या प्रश्नाशी वर्ध्याइतका झटलेला दुसरा जिल्हा मला माहीत नाही. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकी कार्यकर्त्या मार्गारेट सँगर संततिनियमनाचा आग्रह घेऊन इथं गांधीजींना भेटल्या. गांधीजी संयमावर ठाम राहिले. फक्त दिवस पाहून संबंध टाळण्याची पद्धत त्यांना त्यातल्या त्यात कमी आक्षेपार्ह वाटली. तिकडे मुंबईत र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून नेमकी उलटी बाजू मांडत होते. माझा कल कर्व्यांकडे आहे, हे लपवत नाही. तरी ब्रह्मचर्याला निव्वळ दडपणूक म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक वर्ध्यात अडखळेल. 1959 मध्ये विनोबा भाव्यांनी वर्ध्याजवळच्या पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर उभं केलं. लग्न न करताही बाईला मानानं, सोबतिणींबरोबर जगता येतं, हा पर्याय तिथं प्रत्यक्षात आला. तो किती जणींच्या आवाक्यात होता, हा प्रश्न अर्थात उरतोच. आणि 1945 मध्ये इंदुमती गुणाजी व अयि तेंडुलकर या जोडप्याचं लग्न वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातच लागलं, तेही गांधीजींनी त्यांना काही वर्षं थांबायला लावल्यावर. एरवी जात मोडायला आश्रम तयार होता; शरीराच्या ओढीवर मात्र त्याचा सहज विश्वास नव्हता.

पुढं सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं गावोगावी किशोरी पंचायती सुरू केल्या. पाळीच्या दिवसांत ‘बाहेरची’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या पोरी पाळी, रक्तक्षय, लग्नाचं वय यांवर एकत्र बसून बोलू लागल्या.

पोरांसाठी असं बसणं फारसं झालं नाही, आणि त्याची किंमत लहान नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आलं. बातम्यांत ते ‘एकतर्फी प्रेम’ म्हणून छापून आलं. मुलीचा नकार पचवायला मुलगा कुठं शिकतो, घरात, शाळेत, पानठेल्यावर की सिनेमात, याचा शोध या विषयाच्या गाभ्याशी हवा. दुसऱ्या टोकाला कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरातला तिशी ओलांडलेला मुलगा आहे. सोयरीक येत नाही, कारण मुलीकडच्यांना नोकरीवाला जावई हवा. घरात तो अजून ‘पोट्टा’, शेतात कर्ता, आणि रात्री मोबाइलशी एकटा. नव्या अभ्यासकानं त्याच्याकडे आधी जावं, असं मी सुचवेन.