मुरगूड
मुरगूड : कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. लोकसंख्या दहा हजारांवर (2011). वेदगंगेच्या खोऱ्यात, निपाणी–राधानगरी रस्त्यावर, निपाणीच्या पश्चिमेस सुमारे 20 किमी. बेळगाव जिल्ह्यातील मुरगोड हे गाव वेगळे.

वेदगंगा भुदरगड तालुक्यात सह्याद्रीत उगम पावून मुरगूड परिसरातून पूर्वेस जाते व पुढे दूधगंगेस मिळते. काठची जमीन काळी व कसदार, तर डोंगराकडची माळरानाची. नदीवर पाटगाव येथे धरण असून खाली ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. महापुरात (2019, 2021) गावाजवळ रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती.

गावालगतचा सरपिराजीराव तलाव कागलकर घाटगे घराण्याची आठवण होय. कागलचे जहागीरदार सर पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब घाटगे हे राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू. त्यांच्या नावातील ‘सर’ हा किताब लोकांच्या बोलण्यात नावालाच चिकटला असून ‘सरपिराजीराव’ असा एकच शब्द रूढ आहे. पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले, की गावकरी ते पाहण्यास जातात. मुरगूडसह यमगे, शिंदेवाडी या गावांना त्याचे पाणी मिळते.

ग्रामदैवत अंबाबाई. पश्चिमेस जवळच आदमापूर (ता. भुदरगड) येथे संत बाळूमामा (1892–1966) यांचे समाधिस्थान असून अमावास्येला तेथे मोठी गर्दी होते.

स्वातंत्र्यलढ्यात मुरगूडचे नाव गारगोटीच्या लढ्याशी जोडले गेले. ‘चले जाव’ आंदोलनाच्या काळात, 13 डिसेंबर 1942 रोजी क्रांतिकारकांनी कोल्हापूर संस्थानातील गारगोटी कचेरीवर हल्ला चढविला. पोलिसांच्या गोळीबारात सात जण हुतात्मा झाले : तुकाराम भारमल (मुरगूड), करवीरय्या स्वामी व शंकरराव इंगळे (कापशी), मल्लू चौगुले (चिखली), नारायण वारके (कलनाकवाडी), परशुराम साळोखे (खडकलाट) आणि बळवंत जबडे (जत्राट). यांपैकी खडकलाट व जत्राट आज कर्नाटकात आहेत. संस्थान, जहागीर व ब्रिटिश मुलूख अशा तीन अमलांतील माणसे त्या रात्री एकत्र आली होती. आजची राज्यसीमा त्यांच्या गावांमधून जाते. हुतात्म्यांचे स्मारक गारगोटीत असले, तरी मुरगूडच्या मुख्य चौकास तुकारामांचे नाव आहे. एस. टी. तून उतरणारा प्रवासी ‘हुतात्मा तुकाराम चौक’ असेच ठिकाण सांगतो. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.

ऊस, भात, सोयाबीन ही मुख्य पिके. बिद्री व हमीदवाडा येथील सहकारी साखर कारखाने जवळ आहेत. आठवडी बाजार भरतो.

मुरगूड विद्यालय, शिवराज विद्यालय व सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय या येथील शिक्षणसंस्था. महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते मंडलिक (1934–2015) कोल्हापूरचे चार वेळा खासदार होते (1998, 1999, 2004, 2009). अखेरची निवडणूक त्यांनी अपक्ष म्हणून जिंकली. त्यांच्या नावाच्या कुस्ती संकुलात मुलींनाही प्रशिक्षण दिले जाते. कागल तालुक्यात कागल व मुरगूड या दोनच नगरपरिषदा आहेत.