आधी उतरा!

जीप जन्माला आली ती युद्धासाठी. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतल्या विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. एक मोडली की दुसरी हजर! गाडी जपावी, हा विचार सेनापतीच्या डोक्यात कशाला येईल?

पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली आणि ही लष्करातली पोर आपल्या सरकारी खात्यांत सून होऊन आली. फिरत फिरत आलापल्लीच्या सागवानी जंगलात पोचली, तेव्हा तिला कळलं, की इथे दुसरी हजर होत नाही. पाटा तुटला तर तो चंद्रपूरहून यायचा. भर पावसाळ्यात तुटला, तर वाट बघत बसायचं.

म्हणून तिथे गाडी जपण्याची एक निराळीच विद्या वाढली. मी ती १९८३ साली शिकलो. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला होता; रस्त्यांना मात्र अजून ती बातमी पोचलेली नव्हती. माझे गुरू एक म्हातारे ड्रायव्हर. पुण्याला मोटार शिकवणारे आधी गाडीत बसवतात. यांनी पहिले काही दिवस मला नुसतं उतरवलं. नाला आला, उतरा. चिखल दिसला, उतरा. "आधी पायानं पाहा जी, मंग चाकानं!"

बाकीचे धडे रोकडे होते. अंगठा स्टिअरिंगच्या आत गुंतवायचा नाही. चाक दगडावर आपटलं, की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो. उतारावर पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. नाला खोल असेल तर फॅनचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखा इंजिनभर पाणी उडवतो आणि गाडी मध्येच बसते. पाण्यात गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवायचे. वाळूत टायरची थोडी हवा सोडायची.

"हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"हत्तीनं," ते म्हणाले. जवळच कमलापूरला वनखात्याचे हत्ती होते, सागाचे ओंडके ओढणारे. नरम जमिनीवर हत्ती आधी चाचपतो, मगच भार टाकतो. चारही पायांना जोर असून!

या भित्रेपणाला मी तेव्हा हसलो नाही, कारण त्या गाडीत कोण बसतं हे दिसत होतं. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. भामरागडहून तिथे यायचं तर मध्ये पर्लकोटा आडवी. जीप मोडली, की रोग्याला खाटेवर घालून माणसांनीच वाहायचं.

आता गाड्यांना नाना बटणं आली आहेत. पण पर्लकोटेला पूर आला, की कुठलंही बटण दाबायचं नसतं. खाली उतरून काठावर थांबायचं असतं. ती हिंमत मात्र अजून ड्रायव्हरलाच आणावी लागते.