फॉल्ट कोड नेमका कोणासाठी?

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर पी०५४६ उमटतो आणि चहा येईपर्यंत नव्या सेन्सरची ऑर्डर गेलेलीही असते. हा कोड एक्झॉस्टच्या तापमान सेन्सरचा. अनेक गाड्यांत तो सेन्सर टर्बोच्या तोंडाशीच बसवलेला असतो. गॅरेजमध्ये हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की कोड दिसला म्हणजे निदान झाले, असेच सगळे धरून चालतात. पण टर्बोचा ताप मोजण्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. डिझेलच्या धंद्यात निदान नेहमी तुलनेतून झाले. फॉल्ट कोड मात्र आला प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कायद्याच्या पोटातून, आणि तो तुलना करत नाही, तक्रार नोंदवतो. तक्रार नोंदवणाऱ्यालाच आपण तपास अधिकारी मानू लागलो, इथे घोळ झाला.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याचे पेटंट १९०५ चे, पण व्यवहारात यश यायला १९२५ उजाडले. मधल्या वीस वर्षांत अडथळा होता तो मुख्यतः तापाचा. सिलिंडरमधून निघणारा वायू ज्या चाकावर आदळणार, ते चाक त्या उष्णतेत टिकेल असा धातू सहजी मिळत नव्हता. १९२० च्या दशकात ‘प्रॉइसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवर मान कंपनीची दहा सिलिंडरची इंजिने ब्यूखीच्या पद्धतीने बसली आणि १,७५० अश्वशक्तीची ताकद २,५०० वर गेली. म्हणजे टर्बो आणि एक्झॉस्टचे तापमान ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. तापमान कळले नाही तर टर्बो जळणार, हे जहाजावरच्या इंजिनिअरला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या काळची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. जहाजाच्या इंजिनवर प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट नळीत वेगळा तापमापक असे आणि दर पाळीला सगळ्यांचे आकडे वहीत उतरवले जात. एखाद्या नळीचे तापमान ३८० अंश आहे, या माहितीला एकटीला फारशी किंमत नव्हती. बाकीच्या नळ्या ३४० च्या आसपास आहेत, हे शेजारी लिहिलेले असले की त्याच आकड्याला अर्थ येई: या सिलिंडरचा इंजेक्टर गळत असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, किंवा तापमापकच खोटे बोलत असेल. ही तिसरी शक्यता महत्त्वाची. तापमापक चुकू शकतो हे गृहीत धरूनच वही लिहिली जाई. सगळ्याच नळ्या एकदम तापल्या तर संशय सिलिंडरवरून उठून टर्बोवर, हवेच्या गाळणीवर, हवा थंड करणाऱ्या कूलरवर जाई. आकडा तोच, पण त्याचा अर्थ शेजारच्या आकड्यांवरून ठरे.

आपल्याकडे हा वारसा रेल्वेतून आला. १९६० च्या दशकात भारतीय रेल्वेत आलेली डब्ल्यूडीएम-२ ही २,६०० अश्वशक्तीची अल्को इंजिने टर्बोवर चालत. त्यांच्या शेडमध्ये एक साधी तपासणी रूढ होती: इंजिन बंद केल्यावर टर्बोचे चाक किती वेळ फिरत राहते ते कान देऊन ऐकायचे आणि घड्याळात सेकंद मोजायचे. चाक लवकर थांबले तर बेअरिंगवर नाहीतर साचलेल्या काजळीवर संशय. इथेही आजचे सेकंद नुसते मोजून भागत नसे, ते त्या टर्बोच्या नेहमीच्या सेकंदांशी ताडून पाहावे लागत. घाट चढताना ट्रक किती काळा धूर सोडतो यावरून पंप की टर्बो हे ठरवणारा मिस्त्रीही हेच करत होता, फक्त त्याची वही डोक्यात होती.

कोडाचा उगम मात्र दुसरीकडे आहे, आणि तोही पेट्रोलच्या गाड्यांत. अमेरिकेत १९८१ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत संगणक आला आणि कोड दिव्याच्या लुकलुकण्यातून वाचता येऊ लागले. चौदा क्रमांकाचा कोड म्हणजे कूलंट फार गरम दिसतो आहे, पंधरा म्हणजे फार थंड दिसतो आहे. ‘दिसतो आहे’ हे इथे मुद्दाम म्हणतो, कारण संगणकाला कूलंट कधीच दिसत नाही, त्याला सेन्सरच्या तारेवरचे व्होल्ट दिसतात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीतच स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना ओबीडी-२ या तिच्या दुसऱ्या पिढीचे समान कोड आणि सोळा पिनांचे समान सॉकेट आले. युरोप त्यानंतर, आणि भारत २०१० व २०१३ च्या टप्प्यांनी. या सगळ्यामागचा प्रश्न एकच होता: गाडी वापरात असताना तिचा धूर मर्यादेत राहतो का, आणि तो राखणारा प्रत्येक भाग शुद्धीवर आहे का? म्हणून समान कोडांनी तापमानाची भाषा सोडून मंडलाची, म्हणजे विजेच्या सर्किटची, भाषा धरली. पी०५४५ म्हणजे एक्झॉस्ट तापमान सेन्सरच्या मंडलात व्होल्ट कमी, पी०५४६ म्हणजे जास्त. इंजिन गरम आहे की नाही, याबद्दल या दोन कोडांना काहीही म्हणायचे नाही.

आता तो सेन्सर जवळून पाहू. अनेक डिझेल गाड्यांत तो प्लॅटिनमचा असतो: शून्य अंशाला त्याचा रोध २०० ओहम आणि ८०० अंशांवर सातशेच्या पुढे. संगणक ५ व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून सोडतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरतात ते वाचतो. तार तुटली की व्होल्ट चढतात आणि सेन्सर भट्टीत असल्यासारखा आकडा येतो. तारा एकमेकींना चिकटल्या की व्होल्ट पडतात आणि इंजिन गोठल्यासारखे दिसते. शेजारच्याच हवेच्या तापमान सेन्सरमध्ये हे नेमके उलटे होते, कारण त्याचा रोध उष्णतेबरोबर घटतो: कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० अंश. एकाच इंजिनवर ‘व्होल्ट जास्त’ या एकाच तक्रारीचे दोन अर्थ, एकीकडे अतिउष्ण आणि दुसरीकडे अतिथंड. हे ठाऊक नसलेला माणूस कोडाचे वर्णन वाचूनच चकतो.

तरीही तुटलेली तार बरी, ती निदान बोंब तरी मारते. खरा छळ होतो तो अर्धवट बिघाडाचा. प्लॅटिनमचा सेन्सर अंशाला साधारण पाऊण ओहम बदलतो. कपलरच्या पिनेवर गंज चढून १०० ओहमचा जास्तीचा अडथळा आला, तर रात्रभर उभी असलेली, ३० अंशांची गाडी सकाळी या जागी १६५ अंशांच्या आसपास दाखवेल. ही किंमत मर्यादेच्या आतच असल्याने मंडलाचा कोड लागतोच असे नाही. रस्त्यावर मात्र संगणक या फुगलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो, टर्बो वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो आणि गाडीची ओढ जाते. मालक म्हणतो टर्बो गेला. यावरचा उपाय जहाजावरच्या वहीतलाच आहे: पूर्ण थंड इंजिनवर चावी फिरवून कूलंट, आत येणारी हवा आणि एक्झॉस्ट या सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवायचे. दोघे २८-२९ म्हणत असतील आणि तिसरा १६५, तर टर्बोला हात लावायचे कारण नाही.

यावर जाणकार म्हणेल की ट्रकांच्या जगाला हा आरोप लागू नाही. ते खरेच आहे. जड वाहनांच्या जे-१९३९ पद्धतीत कोडाचे दोन भाग असतात: कोणती राशी, आणि तिला काय झाले. शेवटी ३ असेल तर व्होल्ट जास्त; ० असेल तर सेन्सर ठीक, पण राशी खरोखरच धोक्याच्या वर. ताफा चालवणाऱ्यांना दुरुस्तीसाठीच ही भाषा हवी होती, म्हणून तिने साक्षीदार आणि घटना यांत चोख फरक केला. पण शेवटी ० पाहूनही सेन्सरच बदलला जातो, तेव्हा ती चोख भाषाही वाया जाते. प्रत्यक्षात इंटरकूलरचा पाइप फाटून हवा निसटत असते, हवा कमी म्हणून एक्झॉस्ट तापलेला असतो, आणि ते खरे सांगणारा सेन्सर भंगारात जातो. ओबीडी-२ ला श्रेय द्यायचे ते हे की समान सॉकेटमुळे कंपनीच्या शोरूमबाहेरच्या गॅरेजलाही दार उघडले, आणि कोड लागला त्या क्षणाची वेग, भार, तापमानाची नोंद जपण्याची सक्ती झाली. ही नोंद म्हणजे यंत्राने लिहिलेली वहीच. तिच्याकडे पाहतात मात्र फार थोडे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जास्त वजनदार. सेन्सर खरोखर वारंवार जातात: शेकडो अंशांची चढउतार, काजळी, कंप यांत कोणताही भाग किती टिकणार? तासभर मल्टिमीटर घेऊन बसण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त, हा हिशेब मूर्खपणाचा नाही. जुने मिस्त्रीही अंदाजाने भाग बदलत, त्यांचे उगाच देव्हारे माजवू नयेत. पण हा हिशेब एका सेन्सरच्या काळातला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले तेव्हा काजळी गाळणी आणि युरियाची यंत्रणा सोबत घेऊन आले, आणि गाळणी जाळून साफ करायची तर तिच्या पुढेमागे तापमान कळायलाच हवे. त्यामुळे एका एक्झॉस्टवर आता असे अनेक सेन्सर, एकाच वायरिंगच्या जुडग्यात, एकाच चिखलाच्या वाटेवर. एका कपलरच्या गंजापायी दोन-तीन सेन्सर ओळीने बदलले की बिल कुठे जाते ते गिऱ्हाइकाला विचारावे. कपलर उघडून पिना पाहणे आणि थंड इंजिनवर ओहम मोजणे हे दहा मिनिटांचे काम आहे. अडचण एवढीच की त्या दहा मिनिटांची मजुरी बिलात लावायला गॅरेजवाला संकोचतो आणि ती द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते; नव्या सेन्सरच्या खोक्याबद्दल मात्र दोघेही बोलत नाहीत.