दातातली ‘चांदी’ : एका स्वस्त भरणाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील दंतचिकित्सालयात किडलेली दाढ दाखवायला आलेले एखादे आजोबा आजही विचारतात, “चांदी भरायची की सिमेंट?” डॉक्टर बहुधा तिसरेच नाव घेतात : दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट. दर ऐकून आजोबा गप्प होतात. दातात काय भरावे हे गेली दोनशे वर्षे विज्ञानाने जितके ठरवले, तितकेच रुग्णाच्या खिशानेही ठरवले आहे. हा धागा त्याच इतिहासाचा.

आरंभ शब्दापासून करू. दाताला ‘कीड’ लागते असे आपण म्हणतो, कारण दातात खरोखर किडा असतो, ही समजूत बाबिलोनियापासून भारतापर्यंत सर्वत्र होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा ‘काढला’ जाई. मात्र वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त याच कृमिदंतावर वेगळा उपायही आहे : पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागणे. कल्पना चुकीची असली तरी पोकळी बुजवायची ही दिशा योग्य होती. स्लोव्हेनियात सापडलेल्या सुमारे ६५०० वर्षांपूर्वीच्या एका दातावरही मधमाश्यांचे मेण लावलेले आढळले आहे.

युरोपातील धनिक मात्र दातात सोने भरत. सोन्याचा वर्ख थरावर थर ठोकून बसवायचा. काम वेळखाऊ, वेदनादायक आणि अर्थातच महाग. ज्याला ते परवडत नसे, त्याचा दात उपटला जाई.

१८२६ च्या सुमारास पॅरिसमध्ये ऑग्युस्त तावो याने चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दातात भरला. हीच आपली ‘चांदी’. खरे तर या नावात थोडी फसवणूक आहे, कारण अमाल्गममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील व तांबे. (चीनमध्ये तांग राजवटीतील इ.स. ६५९ च्या औषधिग्रंथात अशा मिश्रणाची नोंद आहे, पण युरोपास त्याचा पत्ता नव्हता.)

१८३३ मध्ये क्रॉकर बंधूंनी हे मिश्रण न्यूयॉर्कला नेले आणि भपकेबाज नावाने विकले. कीड न कोरताच ते भरण दाबून बसवत. भरण फुगे, दात तडकत. प्रतिष्ठित दंतवैद्य खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यचिकित्सकांच्या संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली. पाऱ्याची भीती खरी होती. पण सोने ठोकून पोट भरणाऱ्यांना स्वस्त स्पर्धकाची भीती त्याहून कमी नसावी. अखेर रुग्णांनीच निकाल दिला. सभासद गळत गेले आणि १८५६ मध्ये संघटनाच विसर्जित झाली. पुढे १८९५ मध्ये जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचे प्रमाण बसवून फुगण्या-आकसण्याचा दोष आटोक्यात आणला, आणि अमाल्गम हे सामान्यांचे भरण झाले.

भारतात दंतवैद्यकाचे शिक्षण उशिरा आले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. मार्च १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा अमलात आला, तेव्हा औरंगाबाद अजून निजामाच्या राज्यात होते. कायद्याने पदवीधरांबरोबरच पाच वर्षे हाच व्यवसाय करणाऱ्या बिनपदवीच्या दंतकारांसाठीही नोंदवहीचा स्वतंत्र भाग ठेवला. वास्तवाची ती प्रामाणिक कबुलीच होती. औरंगाबादेत शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय सुरू झाले ते १९८२ मध्ये, घाटी रुग्णालयाच्या परिसरात.

शासकीय दंत रुग्णालयांत अमाल्गम टिकले, ते त्याच्या गुणांमुळे. धातूचे चूर्ण व पारा खलात घोटायचा, जादा पारा पिळून काढायचा, पोकळीत दाबून बसवायचे. थोडी लाळ लागली तरी बिघडत नाही आणि चावण्याच्या दाढेत ते दहा-दहा वर्षे सहज टिकते.

कॉम्पोझिटचा स्वभाव याच्या उलट. १९५५ मध्ये ब्युओनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत करण्याची युक्ती दाखवली. १९६२ मध्ये बोवेन यांच्या रेझिनला पेटंट मिळाले. दात कोरडा ठेवायचा, आम्ल लावायचे, चिकटद्रव्य लावायचे, थराथराने भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करायचे. दर वाढतो तो साहित्यापेक्षा या वेळेमुळे. ‘सिमेंट’ म्हणजे आज बहुधा ग्लास आयोनोमर. विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये ते जगापुढे मांडले. ते दाताला स्वतःहून चिकटते, फ्लोराइड सोडते, पण दाढेवरच्या दाबाला कमी पुरते. खाजगी दवाखान्यात साधे सिमेंट काहीशे रुपयांत भरले जाते, कॉम्पोझिट अनेकदा हजाराच्या पुढे. भरण टाळून कीड नसेपर्यंत गेली, तर रूट कॅनाल व वरची टोपी मिळून कित्येक हजार. दात काढणे यापुढे फार स्वस्त, म्हणून रोजंदारीवरचा माणूस तेच निवडतो.

आता अमाल्गमच निघाले आहे. जपानमधील पाराविषबाधेच्या गावाचे नाव लाभलेला मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. २०२२ मध्ये १५ वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा मातांसाठी त्याचा वापर टाळण्याचे ठरले. २०२५ च्या परिषदेत २०३४ ही अखेरची मुदत निश्चित झाली. रोख मुख्यतः पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्यावर आहे. जुने भरण शाबूत असेल तर केवळ भीतीपोटी ते काढू नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सांगितले आहे.

प्रश्न उरतो शासकीय रुग्णालयातील रांगेचा. १९८० च्या दशकात टांझानियात यावर एक वाट सापडली : वीज व यंत्र न वापरता हाताच्या अवजारांनी कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर भरायचे. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत उचलून धरली. दाताच्या एकाच पृष्ठभागावरील लहान पोकळीत हे भरण चांगले टिकते. दोन दाढांच्या मधल्या मोठ्या पोकळीत मात्र ते लवकर निखळते, आणि नेमक्या याच जागी आजवर चांदी भरली जात होती.