गॅरेजमध्ये ट्रक शहाण्यासारखा वागतो

दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की दाढ दुखायची थांबते. ट्रकचंही तसंच. हायवेवर तासभर माल ओढला की धडधडीत चालत्या गाडीत गिअर विनाकारण खाली पडतो, इंजिन बोंब मारतं. पुढच्या मिनिटाला सगळं ठीक. गॅरेजमध्ये नेला तर एकदम गुणी बाळ. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘‘मला तर काही दिसलं नाही.’’ मी सॉफ्टवेअरवाला. हे वाक्य मी ऐकतो कमी, बोलतो जास्त.

पण हा आजार ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जन्मापासून इतका जडलेला नव्हता.

जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये ‘हायड्रामॅटिक’ आणला. त्यामागच्या चमूचा प्रमुख होता अर्ल थॉम्पसन. आपल्या गाड्यांत गिअर न खरखरता पडतो, त्या सिंक्रोमेशमागेही हाच माणूस. हायड्रामॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही, संगणक तर नाहीच. मग गिअर कधी बदलायचा हे ठरवायचं कोणी? तेलाने!

बाहेर जाणाऱ्या शाफ्टबरोबर एक गव्हर्नर फिरतो. गाडीचा वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि त्याच्याकडून येणारा तेलाचा दाब वाढतो. दुसरा दाब अ‍ॅक्सिलरेटरशी जोडलेला; पाय जितका दाबाल तितका तो जास्त. हे दोन दाब एका छोट्या व्हॉल्व्हला दोन टोकांकडून ढकलतात. वेगाची बाजू जिंकली की वरचा गिअर. चढावर पाय दाबून धरला असेल तर पायाची बाजू जोर लावते आणि गिअर उशिरा पडतो. ‘अ मोठा की ब’ हा सगळा हिशोब, एकही तार न वापरता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जेवण अर्धं सोडून आकृत्या बघत बसलो होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम५ रणगाड्यातही हाच गिअरबॉक्स होता, आणि एक नाही, दोन. दोन इंजिनांना दोन.

तेलही बिघडायचं. कचरा अडकून व्हॉल्व्ह चिकटायचा, आणि तोही कधी चिकटायचा, कधी नाही. पण दाबाला गेज लावता येत होतं आणि चिकटलेला व्हॉल्व्ह हातात घेऊन बघता येत होता.

मग इंधन वाचवायचं, धूर कमी करायचा, म्हणून हा निर्णय तेलाकडून तारांकडे गेला. फोर्डने १९८९ मॉडेलच्या ट्रकांत (तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात) ‘ई४ओडी’ गिअरबॉक्स दिला. यात क्लच अजूनही तेलच दाबतं, पण कुठल्या वाटेने तेल सोडायचं ते संगणक सोलेनॉइडला सांगतो. आणि संगणकाला सांगणारे सेन्सर.

त्यातला एक सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर, अंगावर. दांडा पार्कमध्ये आहे, रिव्हर्समध्ये की ड्राइव्हमध्ये, हे तो वेगवेगळ्या रेझिस्टन्सने कळवतो. वरून उष्णता, खालून चिखल-पाणी. आत ओल गेली किंवा संपर्क झिजला की व्होल्टेज क्षणभर भलतंच होतं. दांडा ड्राइव्हवर, आणि संगणकाला वाटतं ड्रायव्हरने तो खाली ओढलाय. तो इमानदारीने त्याप्रमाणे गिअर बदलतो. गिअरबॉक्स धडधाकट, संगणक धडधाकट, फक्त बातमी खोटी.

पण तेलाच्या जमान्यात शिकलेल्या मेकॅनिकला झटका जाणवतो कुठे? गिअरबॉक्समध्ये. मग तोच उतरवायचा, उघडायचा, नवे क्लच टाकायचे. मोठं बिल भरून मालक घरी निघतो आणि हायवेवर तासाभराने पुन्हा तेच. ट्रकवर पोट असलेल्या माणसाच्या त्या तासाचा विचार करा.

खरं तर पुरावा गाडीतच असायचा. संगणक चूक आठवणीत ठेवायचा, ओव्हरड्राइव्हचा दिवा मिचकवायचा. कोड वाचायला साधा काट्याचा व्होल्टमीटर पुरे: काटा सहा वेळा हलला, थांबला, मग सात वेळा हलला; म्हणजे ६७, त्या दांड्याच्या सेन्सरकडे बघा. पण अनेकांची पहिली सवय बॅटरीची तार काढायची, आणि तार काढली की आठवण पुसली. प्रॉडक्शनमध्ये घोळ झाल्यावर लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणारे मी पाहिलेत. त्यांच्यात एकदा मीही होतो, रात्री तीन वाजता. तो बग नंतर अकरा दिवस सापडला नाही.

फोर्डच्या तपासणीत यावर एक उपाय होता, त्याचं नावच ‘विगल टेस्ट’. इंजिन बंद, चावी चालू, मीटर लावलेलं. मेकॅनिकने एकेक वायर धरून हलवायची, कनेक्टर वाकवायचे, सेन्सरवर टिचक्या मारायच्या आणि डोळे काट्यावर ठेवायचे. हायवेवर तासाभराने होणारी गोष्ट इथे, गॅरेजमध्ये, हाताने घडवून आणायची. वायर, कनेक्टर, पुढची वायर. आणि मग एका ठिकाणी काटा उडतो.