गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील उघड्या आगीवरील निर्बंध

गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील उघड्या आगीवरील निर्बंध म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या अंगणात, गच्चीवर किंवा वाहनतळावर शेकोटी, होळी, कोळशाची शेगडी पेटवणे अथवा पालापाचोळा जाळणे यांबाबत संस्थेने व शासनाने घातलेल्या मर्यादा होत. महाराष्ट्रात अशा आगीवर सरसकट बंदी घालणारा एकच स्वतंत्र कायदा नाही. संस्थेचे उपविधी, अग्निसुरक्षेचे कायदे, कचरा व वृक्ष यांविषयीचे नियम आणि फौजदारी कायदा यांतून हे निर्बंध आकाराला येतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या यंत्रमाग-नगरात त्यांना विशेष महत्त्व आहे.

स्वरूप

आवारात आग पेटवण्याचे प्रसंग मुख्यतः चार प्रकारचे असतात. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते. डिसेंबर-जानेवारीत रखवालदार व रहिवासी शेकोटी करतात. सफाईनंतर जमलेला पालापाचोळा जाळला जातो. चौथा प्रकार खाद्यपदार्थांचा: बकरी ईदच्या दिवसांत निखाऱ्यांवर कबाब भाजले जातात, तर आगरी वस्तीत व शेजारच्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा व भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून त्याभोवती जाळ करून पोपटी लावली जाते.

गावात यासाठी होळीचा माळ, खळे किंवा शेत उपलब्ध असे. इमारतीच्या आवारात तशी जागा नसते. अंगण सर्व सभासदांच्या सामाईक वापराचे असते, त्याखाली अनेकदा पाण्याची टाकी किंवा वीजवाहिन्या असतात आणि अग्निशमन दलाची गाडी आत येण्याचा मार्गही तोच असतो. अमेरिकेत घरमालक संघटनांचे असे नियम बहुधा घरामागील खाजगी अंगणातील आगटीसंबंधी असतात. महाराष्ट्रातील प्रश्न मात्र प्रामुख्याने सामाईक जागेचा आहे.

संस्थेचे अधिकार

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थांचा कारभार त्यांच्या उपविधींनुसार चालतो. बहुतेक संस्थांनी शासनाचे आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत. त्यांनुसार इतर सभासदांना त्रास, गैरसोय किंवा उपद्रव होईल असे कृत्य करण्यास व ज्वालाग्राही वस्तू साठवण्यास मनाई आहे. शेकोटी किंवा होळीचा स्वतंत्र उल्लेख नसला, तरी धूर व ठिणग्यांविषयीची तक्रार या तरतुदींखाली करता येते.

मात्र अध्यक्ष किंवा सचिव यांनी सूचनाफलकावर लावलेला कागद म्हणजे उपविधी नव्हे. आवाराच्या वापराबाबतचा नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करणे उचित ठरते. आदर्श उपविधींनुसार उपविधीभंगाबद्दल दंड करण्यापूर्वी सभासदास कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. दंडाचा निर्णय सर्वसाधारण सभेचा असून त्याची कमाल मर्यादा ₹५,००० आहे. समितीने परस्पर आकारलेला दंड म्हणूनच वादग्रस्त ठरू शकतो. मोकळ्या जागेतील उपद्रवाबाबत पोलिसांकडेही दाद मागता येते.

संबंधित कायदे

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, अधिनियमाच्या कक्षेतील इमारतींमधील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत प्रमाणपत्र सादर करावे लागते.

घन कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या ज्वलनासाठी ₹५,००० व मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी ₹२५,००० इतकी भरपाई त्यात ठरवण्यात आली. लाकूड व गोवऱ्यांची होळी आणि कचऱ्याचे ज्वलन यांत फरक आहे. परंतु होळीत टायर, प्लास्टिक किंवा फोम टाकल्यास ते कचरा जाळणेच ठरते.

होळीसाठी आवारातील झाड तोडण्यावरही निर्बंध आहेत. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९७५ च्या राज्य अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. झाड जाळणे हेसुद्धा या अधिनियमात तोडण्यातच मोडते. आगीबाबतच्या निष्काळजीपणाने मानवी जीवितास धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, ₹२,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भिवंडीतील परिस्थिती

भिवंडीत अनेक ठिकाणी यंत्रमाग व निवासी इमारती एकमेकांना लागून आहेत. सूत, कापूस व कापडाच्या चिंध्या सहज पेट घेतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या परिसरात गोदामांची मोठी संकुले उभी राहिली असून गोदामांना आगी लागण्याच्या घटना वारंवार घडतात. मोठ्या आगीच्या वेळी ठाणे व कल्याण येथूनही अग्निशमन दलाची मदत मागवावी लागते. अशा स्थितीत वाऱ्यासोबत उडालेली एक ठिणगी आवाराच्या भिंतीपुरती मर्यादित राहीलच असे नाही.

संस्थेचे नियम फक्त नोंदणीकृत संस्थेच्या सभासदांवर बंधनकारक असतात. चाळी व संस्था स्थापन न झालेल्या इमारतींत उपविधीच नसल्याने तेथे भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका व पोलीस यांच्या कारवाईवरच अवलंबून राहावे लागते. संस्था असलेल्या ठिकाणीही नियमाचा भार अनेकदा रखवालदारावर पडतो. त्याची शेकोटी बंद करताना ऊबदार कपडे व बंदिस्त चौकी न दिल्यास तो खोलीत शेगडी पेटवण्याची शक्यता असते. बंद खोलीत कोळसा जळल्यास कार्बन मोनॉक्साइड साचते. या वायूला रंग व वास नसल्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

परंपरा आणि मतभेद

होळीवरील निर्बंधांना धार्मिक परंपरेच्या आधारे विरोध होतो. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. दुसऱ्या बाजूस, दमा असलेल्या व वृद्ध रहिवाशांना धुराचा त्रास होतो. एका समाजाच्या सणाला मुभा व दुसऱ्याच्या शेगडीला मनाई, अशी भेदभावाची तक्रारही संमिश्र वस्तीत उद्भवू शकते. त्यामुळे नियम सणाच्या नावाने करण्यापेक्षा आगीचा आकार, जागा व वेळ यांवर आधारलेला असणे अधिक न्याय्य मानले जाते.

पर्यायी उपाय

संपूर्ण बंदीऐवजी संस्थांना पुढील मार्ग अवलंबता येतात :

• प्रत्येक विंगऐवजी संपूर्ण संस्थेची एकच लहान होळी करणे.
• इमारत, वाहने, गॅसवाहिनी व विजेचे रोहित्र यांपासून दूर, मातीच्या थरावर आग पेटवणे. तुलनेसाठी, अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत मनोरंजनासाठीच्या आगीपासून बांधकामापर्यंत २५ फूट अंतर सांगितले आहे.
• वाळूच्या बादल्या, पाण्याची नळी व अग्निशामक जवळ ठेवून आग विझेपर्यंत जबाबदार व्यक्ती नेमणे.
• निखाऱ्यांवर पाणी ओतून राख थंड झाल्यावरच उचलणे.
• पालापाचोळा न जाळता आवारातच त्याचे खत करणे.
• अग्निशमन गाडीचा मार्ग सणाच्या दिवशीही मोकळा ठेवणे.

हेही पहा

• सहकारी गृहनिर्माण संस्था
• भिवंडी
• होळी
• पोपटी
• वायुप्रदूषण