पाळणा हलायचा की नाही, ठरवतं कोण?

१२ जानेवारीला सिंदखेडराजात मुंगीला शिरायला जागा नसते. लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकायला राज्यभरातून माणसं येतात. १५९८ आणि १६३० ही दोन सालं त्या गर्दीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, पण त्यांची वजाबाकी सहसा कुणी करत नाही. शिवाजीराजे जन्मले तेव्हा जिजाऊंचं वय बत्तीस होतं. लहानपणी लग्न आणि विशी गाठायच्या आत मांडीवर मूल, अशा त्या काळात हे वय उशिराचंच. शिवाजीराजांचे थोरले बंधू संभाजीराजे एव्हाना चांगले जाणते झाले होते. त्यात हे गर्भारपण सुखाचंही नव्हतं. जुलै १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाहीच्या दरबारात लखुजी जाधव, त्यांचे मुलगे आणि नातू यांची कत्तल झाली. माहेरचा आधार गेल्यावर काही महिन्यांनी, फेब्रुवारीत जिजाऊ शिवनेरीवर बाळंत झाल्या.

हे मूल हवं की नको, असा प्रश्न त्या काळी बाईला कुणी विचारत नसे. तो प्रश्न घराण्याचा असे आणि त्याचं उत्तर देवाकडे मागितलं जाई. जिजाऊंच्या सासरीच त्याचा दाखला आहे. मालोजी आणि उमाबाई या सासू-सासऱ्यांना बरीच वर्षं मूल नव्हतं. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केल्यावर दोन मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी ठेवलं आणि दुसऱ्याचं शरीफजी, अशी हकीकत आहे. सिंदखेडराजा ज्यात येतं त्या बुलढाणा मुलुखातही नवसाच्या जागांना तोटा नाही. देऊळगावराजाचा बालाजी आहे, लोणारच्या सरोवरकाठची कमळजा आहे, शेगावचे गजानन महाराज आहेत. कूस उजवली की ओटी भरायची, मुलाच्या भारोभार गूळ वाटायचा, हा रिवाज हिंदू-मुसलमान असा भेद न करता चालत आला.

नवसालाही वयाची हद्द असे. ती ओलांडली की घरात दत्तकाची कुजबुज सुरू होई.

मराठी मुलुखात दत्तकाचे नियम इतर प्रांतांपेक्षा सैल होते. सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला इथे मोठा मान. इंग्रजांची न्यायालयंही त्याचा आधार घेत निकाल देत आणि वऱ्हाडातले मराठी हिंदू याच परंपरेत मोडत. या शाखेत दत्तक घ्यायचा मुलगा तान्हाच हवा असं नव्हतं. लग्न झालेला, स्वतःला मुलं असलेला बाप्याही दत्तक जाऊ शके. दत्तक घेणाऱ्यापेक्षा तो वयाने मोठा असला तरी चालत असे. विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याने जिवंतपणी परवानगी दिलेली असावी, ही बंगालकडची अट इथे नव्हती.

मग चार पंचांसमोर विधी होई. जन्मदाता बाप मुलाला देई, घेणारी माणसं त्याला मांडीवर बसवत, ब्राह्मणांत होम होई, साखर वाटली जाई आणि पुढे दत्तकपत्र स्टँपावर चढे. पण खरी मेख कायद्यात होती. विधवेने नवऱ्यामागे वीस वर्षांनी दत्तक घेतला, तरी तो नवरा वारला त्या दिवसापासूनचा मुलगा धरला जाई. त्यामुळे दिरांनी आणि पुतण्यांनी मधल्या काळात केलेल्या वाटण्या उलटत, वावरं हातची जात. पन्नाशीतल्या एखाद्या काकूने दत्तकाचा विषय काढला की भाऊबंदकीला का घाम फुटे, ते यावरून कळतं.

दत्तक घेतल्यावर उशिरा का होईना पोटचा मुलगा झाला, तर तोही पेच शास्त्राने सोडवून ठेवला होता. मुंबईकडच्या शाखेत अशा वेळी दत्तकाला इस्टेटीचा पाचवा हिस्सा मिळे आणि बाकी सगळं औरसाचं. अधीर होऊन दत्तक घेणाऱ्या जोडप्याला ‘थोडं थांबा’ असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात हा हिशोबही असे. १९५६ च्या कायद्यांनी हे सगळं बदललं. दत्तकाला समान वाटा मिळाला, मागल्या तारखेपासून वारस ठरणं बंद झालं आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली.

म्हणजे नवऱ्याच्या नावाने आणि त्याच्या वंशासाठी असेल, तर विधवेच्या मांडीवर उतारवयातही मूल शोभत होतं. तिच्या पोटी आलेल्या मुलाचं काय होई, ते सुरतेच्या एका खटल्यात दिसलं. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात बाळाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरूच राहिलं.

त्याला उत्तर आलं ते पुण्या-मुंबईहून नव्हे, बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं आणि १८८२ मध्ये ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघालं. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं आणि घरजावई केला. ताराबाईंना मूलबाळ झालं नाही. पुस्तकात त्यांनी विजयालक्ष्मीची वकिली केली नाही, सरळ पुरुषांची उलटतपासणी घेतली. बाईला फसवणारा पुरुष नामानिराळा राहतो, पुनर्विवाहाची वाट बंद करणारे शास्त्रकार साळसूद ठरतात आणि सगळा कलंक एकटीच्या माथी येतो, हे त्यांनी वऱ्हाडी फटकळपणाने मांडलं. पुस्तकावर गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा छापलं, तेव्हा कुठे त्या मराठी वाचकांना नव्याने सापडल्या.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच पुण्यात विधवांच्या गुप्त बाळंतपणाची सोय केली होती. १८७४ मध्ये त्यांनी एका ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं. तेव्हा जोतीराव सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई त्रेचाळिशीत. घराण्यासाठी सख्खा पुतण्या शोधायच्या वयात त्यांनी जातीबाहेरचं आणि जगाने टाकलेलं मूल घरी आणलं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

विसाव्या शतकात उशिराच्या मुलाचं गणित उलटं फिरलं. पूर्वी नवस करून ते मागायचे, आता त्याची लाज वाटू लागली. घरात सून आल्यावर सासूला दिवस जाणं म्हणजे गावभर चर्चा. शेंडेफळाचं कौतुक घरात होई, पण आई सातव्या महिन्यापर्यंत पदर सावरून वावरे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. खेड्यात मात्र हा विषय पोचला तो सरकारी शिबिरातून. ‘ऑपरेशन झालं का?’ हा प्रश्न नर्सबाई ओट्यावर बसून विचारू लागल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. नसबंदीचा भार पुढे पुरुषांकडून बायकांकडे सरकला. दोन मुलं झाली की पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, म्हणजे चाळिशीतल्या बाळंतपणाचा विषयच मिटला. वाट उघडी राहिली ती बहुधा मुलगा न झालेल्या घरात. मुलग्याचा हा हव्यास आकड्यांतही उमटला: २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली निघाल्या आणि २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव आलं.

शहरांत तोवर दुसरी वाट निघाली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईने याच तंत्राने जुळ्यांना जन्म दिला, तेव्हा देशभर वाद झडला. जानेवारी २०२२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने अशा उपचारांसाठी बाईची वयोमर्यादा पन्नास आणि पुरुषाची पंचावन्न ठेवली. दत्तकालाही आता वयाची बेरीज लागते. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. मयूखाच्या काळात घेणाऱ्यापेक्षा मोठा माणूसही मांडीवर बसे. आता दत्तकाच्या आदेशावर सही होते ती जिल्हाधिकाऱ्यांची.

गावात आणखी एक हिशोब असतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीची दारंही बंद होतात. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे पस्तिशीतल्या सरपंचबाईला तिसरं मूल झालं तर खुर्ची तिचीही जाते. एकाच बाळंतपणातली जुळी मात्र एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल पंचायतीच्या कायद्यात मोजलंच जात नाही. उलट, तिसरं मूल नातेवाइकाला दत्तक देऊन खुर्ची वाचवू म्हटलं, तर ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात बंद केली.